पूर्वरंग सोसावा काय?

गेल्या दिवाळींत मी अंबाजोगाईस बहिणीकडे गेलों होतों. तिचा मुलगा बारावींत शिकतो. येत्या वर्षीं तो पुढील शिक्षणासाठीं घर सोडून जाणार, म्हणून घरांत सध्यां त्याचें कौतुकही फार आणि काळजीही फार. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर माडीवरून मोठमोठ्यानें बोलणें ऐकूं आलें. वर जाऊन पाहतों तों भाचा आणि त्याचे दोन मित्र हमरीतुमरीवर आलेले! वाद निवडणुकीचा नव्हता, क्रिकेटचाही नव्हता. तो चालला होता ‘वन पीस’ नांवाच्या एका जपानी चित्रमालिकेविषयीं. एकाचें म्हणणें असें कीं, तिचे आरंभींचे भाग इतके सामान्य आहेत, कीं पुढें कितीही चांगलें आलें तरी तो डाग धुवून निघत नाहीं. भाच्याचें म्हणणें, पुढें जें येतें त्यानें आरंभाचेंही सोनें होतें. तिसरा मित्र दोघांनाही विचारीत होता, “पण तिथपर्यंत थांबायचें कोणीं?”

भाच्यानें मलाच पंच नेमलें. मी म्हणालों, “मीं दोन भाग पाहिले आहेत. आरडाओरडा आणि मारामारी यांपलीकडे मला त्यांत कांहीं आढळलें नाहीं.” त्यावर तो म्हणाला, “मामा, पहिले पन्नास भाग तेवढे सोसा. पुढें तुम्हीच सोडणार नाहीं.” मीं हिशेब केला आणि म्हटलें, “अरे, पन्नास भाग म्हणजे वीस तास झाले!” तो चटकन् उत्तरला, “तुम्ही मला कीर्तनाला नेतां, तेव्हां पूर्वरंग सोसायलाच सांगतां ना?”

श्रोतेहो, या उत्तरानें मी गप्प झालों. प्रश्न वरवर पोरकट दिसला तरी तसा तो नाहीं. आपल्या घरांतलीं मुलें ज्या गोष्टींत रात्री घालवितात, त्या गोष्टींचा निवाडा आपण दोन भागांवरून करावा काय? आणि उलट, उत्तरार्ध चांगला आहे एवढ्यावरून कोणी आपल्याकडे वीस तास मागावे काय? या दोन्ही बाजूंचा विचार आज करूं.

प्रथम ही मालिका म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. जपानांत हातानें काढलेल्या चित्रांच्या चलत्पटास ‘ॲनिमे’ म्हणतात. आपल्याकडे हा प्रकार अगदींच नवा नाहीं. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारीं लागणारी ‘जंगल बुक’ ही मालिका ज्यांनीं पाहिली, त्यांनीं जपानी ॲनिमेच पाहिली. मात्र ती ५२ भागांत संपली. ‘वन पीस’ची गोष्ट निराळी आहे. ऐइचिरो ओदा या चित्रकार-लेखकानें १९९७ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकांत ती चित्रकथा सुरू केली. १९९९ पासून तोएई या कंपनीनें तिचे चलत्पट काढावयास आरंभ केला आणि आजपर्यंत त्यांचे ११०० हून अधिक भाग झाले. एक भाग सुमारें २४ मिनिटांचा. म्हणजे सर्व भाग मिळून ४४० तास होतात. रोज आठ तासांची नोकरी धरली, तर ५५ दिवसांची ही नोकरी झाली!

हा आंकडा ऐकून आपण हसूं. परंतु अंबाजोगाईच्या माणसानें फार हसूं नये. ज्या दासोपंतांची समाधि या गांवीं आहे, त्यांच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख असल्याचें सांगतात. ज्ञानेश्वरी सुमारें ९००० ओव्यांची. नेमानें रोज १०० ओव्या वाचल्या, तर ज्ञानेश्वरी तीन महिन्यांत होते, आणि गीतार्णवास जवळजवळ साडेतीन वर्षें लागतात. रोज एक भाग पाहणाऱ्या मुलाला ‘वन पीस’ संपविण्यास तीन वर्षें लागतात. दोहोंची योग्यता एक आहे असें माझें म्हणणें नाहीं. तथापि, लांब कथेला बसण्याची संवय आपल्या लोकांस नवी नाहीं, आणि लांबी हाच कांहीं दोष नव्हे, एवढें यावरून मान्य व्हावें.

आतां या मालिकांचा आरंभ पुष्कळदां कच्चा कां असतो? याचीं कारणें लेखकाच्या बुद्धींत नसून बहुतेक धंद्याच्या रीतींत आहेत. जपानी साप्ताहिकांत वाचकांकडून पत्रें मागवून कोणती कथा आवडली याची मोजदाद करतात. जी मागें पडली ती थोड्याच आठवड्यांत बंद होते. त्यामुळें नवा लेखक आरंभीं बिचकत चालतो. आपली कथा दहा आठवडे जगेल कीं दहा वर्षें, हें त्यालाच ठाऊक नसतें. म्हणून छोटे प्रसंग, हमखास हंशा आणि दर खेपेस एक मारामारी, असा सावध संसार तो मांडतो. क्रमशः लिहिणाऱ्या लेखकाची ही ओढाताण आपल्याकडेही होती. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांतूनच हप्त्याहप्त्यानें वाचकांच्या हातीं दिली. पुढचा मजकूर लिहावयाचा असतांना मागचा छापून गेलेला असतो. तो मागें घेतां येत नाहीं. ग्रंथकाराला जी खाडाखोड करतां येते, ती साप्ताहिकाच्या लेखकाला करतां येत नाहीं.

दुसरें कारण चलत्पटाच्या वेगाचें. पडद्यावरील एक भाग पुस्तकांतील दोन-तीन आठवड्यांची कथा फस्त करतो. अशा रीतीनें पडदा लवकरच पुस्तकाच्या मागें येऊन ठेपतो. मग काय करावें? पाहुणे वाढले म्हणजे आमटींत पाणी घालावें, तसें करतात. मूळ कथेंत नसलेले भाग मधेंच घुसडतात. मुलें त्यांना ‘फिलर’ म्हणतात; आपण त्यांना भरतीचे भाग म्हणूं. मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ची पहिली मालिका २००२ ते २००७ पर्यंत चालली व तिचे २२० भाग झाले, त्यांतील शेवटचे सुमारें ऐंशी भाग बहुतेक असेच भरतीचे आहेत. त्यापुढें आलेली दुसरी मालिका ५०० भागांची होऊन २०१७ सालीं संपली.

एवढें समजल्यावर मूळ वादाकडे वळूं. भाच्याचा पक्ष असा: चांगल्या शेवटानें कच्चा आरंभ उजळतो. मित्राचा पक्ष असा: आरंभ कच्चा तो कच्चाच. मला वाटतें, दोघेही एका शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी बोलत होते, आणि त्या निवडण्याचें साधन भाच्याच्या त्या कीर्तनाच्या टोमण्यांतच होतें.

नारदीय कीर्तनांत पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात, हें आपण जाणतां. पूर्वरंगांत बुवा एक अभंग घेऊन त्याचें निरूपण करतात. मध्यंतरीं बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, भजन होतें, आणि मग उत्तररंगांत आख्यान लागतें. पुष्कळ मंडळी नेमकी हाराच्या सुमारास येऊन बसतात. त्यांना आख्यान मिळतें, हंसूं मिळतें, डोळ्यांत पाणीही येतें. परंतु शेवटीं बुवा आख्यान आटोपून पुन्हां त्याच पहिल्या अभंगावर येतात, तेव्हां जो आरंभापासून बसला आहे त्याच्या अंगावर जो कांटा उभा राहतो, तो उशिरा आलेल्याच्या अंगावर राहत नाहीं. मघां जो चरण रुक्ष वाटला होता, तोच आतां भरलेला वाटतो. चरण बदललेला नसतो. ऐकणारा बदललेला असतो.

माझ्या मतें कसोटी हीच. उत्तररंग नुसता चांगला असून भागत नाहीं. तो पूर्वरंगाकडे परत आला पाहिजे. परत आला तर आरंभाचें ऋण फिटलें. परत न येतां तो केवळ अधिक रंगला, तर आरंभ सुधारला असें होत नाहीं. आपण तो विसरलों, एवढेंच.

ही कसोटी लावून पाहूं. ‘वन पीस’मध्यें साठाव्या भागाच्या पुढेंमागें लाबून नांवाचा एक प्रचंड देवमासा येतो. तो पन्नास वर्षें एका डोंगरावर डोकें आपटीत असतो. कारण त्याला मागें ठेवून गेलेले खलाशी परत येतों म्हणून गेले, ते आलेच नाहींत. पाहणाऱ्यास वाटतें, हा एक प्रसंग झाला आणि संपला. पुढें सुमारें पावणेतीनशें भाग लोटल्यावर ब्रूक नांवाचा एक गवई भेटतो. हाडांचा नुसता सांपळा उरलेला हा गवई त्याच खलाशांपैकीं शेवटचा आहे असें कळतें, आणि मेलेल्या सोबत्यांचें अखेरचें गाणें त्या माशापर्यंत पोंचविण्यासाठींच तो जगला आहे हें उलगडतें. पडद्यावर या दोन प्रसंगांमध्यें सात वर्षांहून अधिक काळ गेला. येथें उत्तररंग पूर्वरंगाकडे आला. येथें भाचा जिंकला.

परंतु याच मालिकेंत २०१९ मध्यें सुरू झालेल्या वानो देशाच्या प्रकरणापासून चित्रकाम फार उजळलें, असें सर्वच चाहते सांगतात. तें खरें मानलें तरी त्यानें १९९९ सालचीं चित्रें सुधारत नाहींत. शिवाय पुस्तकाला गांठूं नये म्हणून पुढील भागांची चाल इतकी संथ केलेली आहे, कीं आरंभाचा एक दोष गेला तेथें दुसरा आला. येथें मित्र जिंकला. ‘नारुतो’च्या त्या भरतीच्या भागांकडे पुढील कथा सहसा वळून पाहतही नाहीं, ते वगळल्यानें कांहीं बिघडत नाहीं. हिदेआकी सोराची यांच्या ‘गिन्तामा’ची मालिका २००६ सालीं सुरू झाली. तिचे पहिले दोन भाग मूळ पुस्तकांतले नव्हेतच. पुढें येणारीं सर्व पात्रें त्यांत एकदम कोंबलीं आहेत. म्हणून त्या मालिकेचे कट्टर चाहतेच नवख्याला सांगतात कीं, तिसऱ्यापासून आरंभ कर. ज्याला भक्तच वगळतात, त्याचा उद्धार झाला असें कसें म्हणावें?

धंदेवाल्यांनींही हें ओळखलें आहे. ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही २९१ भागांची जुनी मालिका होती. २००९ पासून तिची काटछाट करून ‘काई’ या नांवानें ती पुन्हां दाखविली. ‘वन पीस’ अगदीं आरंभापासून नव्यानें चितारण्याचें कामही २०२३ च्या डिसेंबरांत जाहीर झालें. पुढील भागांनीं मागचें सगळें धुवून निघतें, तर हा खटाटोप कोणी कशाला करता?

येथें एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. ‘शेवटपर्यंत पाहा, मग कळेल’ असें सांगणारे सगळे शेवटपर्यंत गेलेलेच असतात. पंढरपुरांत उभें राहून वारीची वाट कशी होती असें विचारलें, तर जे पोंचले तेच उत्तर देतील. अर्ध्या वाटेवरून परतलेला तेथें भेटणारच नाहीं. शिवाय ज्यानें ४४० तास दिले, त्याला ते वायां गेले असें म्हणणें जड जातें. तेव्हां अशी साक्ष खोटी नसली तरी एकतर्फी असते. मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आणि वडील माणसांनीं? आपणही हेंच करतों. ज्ञानेश्वरी मुलाच्या हातीं देऊन ‘वाच, पुढें गोडी लागेल’ असें सांगतों आणि उठून जातों. गोडी कोठें आहे, कोणत्या अध्यायापासून आरंभ केला तर सोपें पडेल, कोठें अडखळायला होईल, हें शेजारीं बसून सांगत नाहीं. मग मूल दोन पानांवर थांबतें, आणि आपण त्याला अरसिक ठरवितों. मीं ‘वन पीस’चे दोन भाग पाहून जें केलें, तें याहून निराळें नव्हतें.

म्हणून निवाडा असा देतों. पुढील भागांसाठीं आरंभ सोसावा, पण ज्या आरंभाकडे कथा परत येते तेवढाच. आणि सोसावयास सांगणारानें सोबत बसावें. दुसऱ्याच्या वेळेवर हक्क सांगावयाचा, तर काय गाळावें हें सांगण्याची जबाबदारीही त्यानें घेतलीच पाहिजे.

मीं भाच्याला हेंच सांगितलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें वहीच्या पानावर एक यादी करून दिली: हे भाग पाहा, हे सोडा, आणि हे मी बरोबर असतांनाच पाहा. त्या शेवटच्या रकान्यांत देवमाशाचा प्रसंग होता. सुटी संपण्यापूर्वीं आम्हीं तो माडीवर बसून पाहिला. बहीणही पदर खोंचून दारांत उभी राहिली होती. मुलगा काय पाहतो हें तिला त्या दिवशीं प्रथमच कळलें. मासा डोकें आपटूं लागला तेव्हां ती म्हणाली, “अरे, कुणी येईल का नाहीं परत त्याच्यासाठीं?” भाचा नुसता हंसला. “आई, तें पुढें आहे,” एवढेंच तो म्हणाला.

तो पुढच्या वर्षीं दूर गांवीं जाईल. यादी माझ्यापाशीं आहे, आणि तिच्यांत अजून पुष्कळ भाग शिल्लक आहेत.