हवामान रडारची किरणशलाका आणि पर्जन्यमापन

रडारची किरणशलाका सरळ रेषेत जाते, हा समज अपुरा आहे. उंचीनुसार हवेची घनता व बाष्प घटत असल्याने अपवर्तनांक कमी होतो आणि शलाका किंचित भूपृष्ठाकडे वाकते. हे वक्रीभवन गणितात आणण्यासाठी पृथ्वीची त्रिज्या ४/३ पट मानली जाते. तरीही ०.५ अंश कोनातील शलाका २०० किलोमीटरवर सुमारे ४ किलोमीटर उंच गेलेली असते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पाऊस पुष्कळदा उथळ ढगांतून पडतो. दूरच्या रडारला तो कमी दिसतो, आणि हा दोष यंत्राचा नव्हे. घाटातील धरणांचा विसर्ग ठरविताना पर्जन्यमापक म्हणूनच अपरिहार्य राहतो.

खाली थंड, दमट आणि वर उष्ण, कोरडी हवा असेल, तर अपवर्तकतेची एरवी किलोमीटरमागे सुमारे ४० एककांची असणारी घट वाढते. ती १५७ एककांपलीकडे गेली की शलाका पृथ्वीच्या वक्रतेहून अधिक वाकून जमिनीला वा समुद्राला भिडते आणि निरभ्र आकाशातही ‘पाऊस’ उमटतो. डॉप्लर तंत्र स्थिर डोंगर ओळखून वगळते. हलत्या लाटा मात्र त्यालाही फसवू शकतात.

परावर्तनावरून पर्जन्यदर काढण्याचे प्रचलित सूत्र मार्शल व पामर यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या थेंबांच्या आकारवाटपावर आधारलेले आहे. परावर्तन व्यासाच्या सहाव्या घातानुसार बदलते. त्यामुळे वितळू लागलेले, पाण्याने माखलेले हिमकण अजस्र थेंबांसारखे भासतात. रडारभोवती ठळक कंकण उमटते आणि तेथील पर्जन्यदर वास्तवाहून फुगतो.