पितळी नटांची वेणी

१९४०च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात आनी आल्बर्स आणि त्यांचा विद्यार्थी अलेक्झांडर रीड यांनी हार्डवेअरच्या दुकानातल्या वस्तूंचे दागिने घडवले. एक हार बेसिनची जाळी आणि कागदाच्या क्लिपांचा, तर दुसरा फितीत ओवलेल्या वॉशरांचा. आल्बर्स मुळात विणकर होत्या, जर्मनीतल्या बाउहाउसमध्ये शिकलेल्या. मेक्सिकोतल्या मोन्ते आल्बान इथं १९३२ मध्ये सापडलेले प्राचीन दागिने दोघांनी पाहिले होते. त्यात सोन्याच्या जोडीला साधे समुद्रशिंपलेही मानानं बसवलेले होते. दागिन्याचं मोल धातूच्या भावापेक्षा मांडणीत असतं, हा धडा त्यांनी तिथून घेतला. तो आपल्यालाही सहज गिरवता येतो. त्यासाठी पितळी नट आणि दोरा एवढं सामान पुरतं.

नट निवडताना

दुकानात ‘चार एमएमचे पितळी षट्कोनी नट’ मागा. असा नट समोरासमोरच्या बाजूंमध्ये ७ मिमी रुंद आणि सुमारे ३ मिमी जाड असतो. एका मनगटाला साधारण २० ते २४ नट लागतात. चारेक जास्तीचे घ्या. आपल्याकडच्या पितळी सुट्या भागांचं मोठं केंद्र म्हणजे गुजरातमधलं जामनगर.

पिवळा दिसतो म्हणून नट पितळीच असेल असं नाही. लोखंडी नटाला जस्ताचा मुलामा देऊन त्यावर पिवळी प्रक्रिया केलेली असते. उजेडात धरला तर त्यावर हिरवट-गुलाबी झाक दिसते. खात्रीसाठी लोहचुंबक लावून पाहा: पितळ चिकटत नाही, लोखंड लगेच चिकटतं. मुलाम्याचा नट दागिन्याला नको. घामानं मुलामा जातो आणि खाली गंज धरतो. चांदीसारखे चकचकीत नटही टाळा, कारण त्यांवर निकेलचा थर असू शकतो. निकेलमुळे अनेकांच्या कातडीला खाज आणि पुरळ येते. म्हणूनच युरोपीय संघानं अंगावर सतत राहणाऱ्या वस्तूंतून दर चौरस सेंमीला आठवड्याकाठी ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये, असा नियम केला आहे.

पितळाबाबतही एक खबरदारी हवी. यंत्रावर सहज कातता यावं म्हणून नटांच्या पितळात बहुधा दोन-तीन टक्के शिसं मिसळलेलं असतं. त्यामुळे तोंडात वस्तू घालणाऱ्या लहान मुलांसाठी हा दागिना करू नका, आणि नट घासून झाले की हात साबणानं धुवा.

धुणं आणि घासणं

नवे नट तेलकट असतात. गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून ते अर्धा तास भिजवा आणि जुन्या टूथब्रशनं आट्यांमधलं तेल काढा. मग चिंच-मीठ चोळा, स्वच्छ धुवा आणि लगेच कोरडे पुसा. ओल राहिली की डाग पडतात.

यानंतरचं काम कंटाळवाणं असलं तरी दागिन्याचा सारा डौल त्यावरच असतो. प्रत्येक नटाचे कोपरे आणि भोकाची कड ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर, मग ८०० नंबरच्या पेपरवर ओल्यानं घासा, म्हणजे भुकटी उडणार नाही. नट जुन्या ओढणीवरून फिरवून पाहा. धागा कुठे ओढला गेला तर तिथे अजून धार आहे. आतली धार राहिली तर ती रोज थोडा थोडा दोरा कापत राहते.

वेणी घालताना

दीड-दोन मिमी जाडीचा मेण लावलेला सुती दोरा घ्या. त्याचे ७५ सेंमीचे तीन तुकडे करा. वरच्या टोकाला १० सेंमी शेपूट सोडून तिघांची एक गाठ मारा आणि ती चिकटपट्टीनं टेबलाला पक्की करा. पहिले अडीच सेंमी नुसती तिपेडी वेणी घाला.

आता डावीकडच्या कडेच्या पेडात एक नट ओवा, तो वेणीला भिडेपर्यंत वर सरकवा आणि अंगठ्यानं दाबून धरून तो पेड मधल्या पेडावरून न्या. मग उजवीकडच्या कडेच्या पेडात नट ओवा, वर सरकवा आणि मधल्यावरून न्या. नट नेहमी कडेच्या पेडातच जातो, मधल्यात कधीच नाही. म्हणूनच नट दोन्ही कडांना दोन ओळींत बसतात आणि मधून दोऱ्याची शीर दिसत राहते.

दोन नट बसले की तिन्ही पेड सारख्या जोरानं ओढा. एक पेड सैल राहिला तर तिथला नट तिरका होतो आणि पुढची रांग बिघडते. असं झालं की तेवढंच उलगडून पुन्हा घाला, पुढे जाऊन ते सुधारत नाही. मनगटाच्या घेराला चार-पाच सेंमी कमी असताना नट थांबवा, अडीच सेंमी साधी वेणी घालून गाठ मारा.

गाठ आणि निगा

दोन्ही टोकांची शेपटं विरुद्ध दिशांनी एकमेकांवर ठेवा. प्रत्येक शेपटाच्या टोकाची गाठ दुसऱ्या शेपटाभोवती मारा. गाठी ओढल्या की कडं आवळतं, जवळ आणल्या की सैल होतं. पटवेकरी हार लहानमोठा करण्यासाठी जी सरकती सोय करतात, त्यातलंच हे तत्त्व.

कडं घालून भांडी घासू नका, आंघोळही करू नका. पितळ हळूहळू काळवंडतं आणि घामामुळे मनगटावर हिरवट डागही पडतो. तो पितळातल्या तांब्याच्या क्षारांचा असतो आणि साबणानं जातो. काळवंडलेले नट लिंबाच्या फोडीनं पुसा, ओल्या फडक्यानं आम्ल काढा आणि कोरडे करा. दोरा झिजला की नट उतरवून नव्या दोऱ्यात ओवा. दोरा वर्षागणिक बदलेल, पण घासून गुळगुळीत केलेले ते नट वर्षानुवर्षं टिकतील. म्हणून सर्वांत जास्त वेळ पॉलिश पेपरपाशी घालवा.