फ्यूज कोणाची राखण करतो?

ज्यांचे बालपण चाळीत किंवा वाड्यात गेले, त्यांना चिनीमातीचा तो पांढरा किटकॅट फ्यूज आठवत असेल. दिवे गेले की घरातले कुणीतरी मेणबत्ती घेऊन स्टुलावर चढायचे. फ्यूजवायर संपलेली असली तर इस्त्रीच्या जुन्या वायरीतले चार-सहा तांब्याचे तंतू पिळून तेच बसवले जात. दिवे लागत, मंडळी खूश होत. घराचा राखणदार मात्र त्या क्षणापासून रजेवर गेलेला असे.

घराला निदान विटांच्या भिंती असतात. मोटारीत पत्रा, फोम आणि पेट्रोल एकमेकांना खेटून बसलेले. त्यातून ती मोटार घरीच बांधलेली असली, तर वायरिंगची जबाबदारी कंपनीच्या इंजिनिअरवर ढकलायचीही सोय नसते.

कोल्हापूरला आमच्या शेजारी लेथमशीनवर आयुष्य घालवलेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी आणि त्यांच्या आयटीआय झालेल्या मुलाने मिळून एक मोटार बांधली आहे. पाइपची चौकट, भंगारातून आणलेले इंजिन, हाताने ठोकलेला पत्रा. या भागाला हा नाद नवा नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ ही छोटी मोटार घडवली होती. ती बाजारात कधीच आली नाही, ही हळहळ अजून ऐकू येते. शेजाऱ्यांना बाजाराशी कर्तव्य नाही. रस्त्यावर आणायची तर मान्यता आणि नोंदणीचे मोठे प्रकरण, म्हणून गाडी त्यांच्या शेतातच फिरते. पण मागच्या सीटवर दोन नाती बसतात आणि बॅटरी त्याच सीटखाली आहे.

गाडी सुरू झाली आणि रेडिएटरच्या पंख्याचा फ्यूज उडू लागला. पिवळा, २० ॲम्पियरचा. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा वडील वैतागले. “हिरवा टाक की लेका, तीसचा. सारखं काय उतरायचं?”

“आबा, तीसचा टाकला तर फ्यूज राहील आणि वायर उडेल.”

सगळे शास्त्र या उत्तरात आहे. फ्यूज पंख्याची राखण करतो, हा आपला सार्वत्रिक गैरसमज. तो राखण करतो वायरीची. पंख्याला लागत होते १२ ॲम्पियर, वायर होती अडीच स्क्वेअर एमएमची. तिच्यासाठी २० ठीक, ३० नव्हे. बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही हेच पाहत असू. माणसाची गरज कितीही मोठी असो, मर्यादा ठरते ती त्याच्या कुवतीवर. म्हणून क्रम असा की आधी उपकरण किती करंट खाते ते पाहायचे, मग त्याहून ऐसपैस वायर घ्यायची आणि शेवटी त्या वायरीला झेपेल एवढाच फ्यूज. वायरीला थोडी ऐसपैस जागा ठेवायची ती अशासाठी, की फ्यूज आकडा ओलांडताच तुटत नाही. २० चा फ्यूज २२ ॲम्पियरवर तासन् तास टिकतो. २७ वरही काही मिनिटे काढू शकतो. आणि करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते.

मुलाने वायर बोटांनी चाचपत नेली. इंजिनमागच्या पत्र्याला जिथे भोक होते, तिथे रबरी ग्रॉमेट बसवायचे राहिले होते. पत्र्याच्या धारेने प्लास्टिक खाल्ले होते. खड्ड्यात गाडी आदळली की तांबे पत्र्याला टेकायचे. म्हणजे फ्यूज तीनही वेळा चोख काम करत होता आणि शिव्या खात होता.

खरी काळजी स्टार्टरच्या केबलची. स्टार्टर एका क्षणी शेकडो ॲम्पियर ओढतो, म्हणून बहुतेक गाड्यांत या केबलला फ्यूजच नसतो. बॅटरी इंजिनशेजारी असली तर हातभर केबलचा प्रश्न. इथे ती चार मीटर, नातींच्या पायांखालून, पेट्रोलच्या नळीच्या बाजूने जाणार. १६ स्क्वेअर एमएमची केबल घेतली तर दीडशे ॲम्पियरला सुमारे पाऊण व्होल्ट वाटेतच गळतो; ३५ ची घेतली तर पाव व्होल्टाहून थोडा जास्त. त्यांनी ३५ ची घेतली. पण जाडीने शॉर्टसर्किट टळत नाही. म्हणून केबल लवचीक नळीतून ओवली, वीत-वीतभर अंतरावर क्लिपा मारल्या, पेट्रोलची नळी उचलून चौकटीच्या दुसऱ्या बाजूला नेली. बॅटरीजवळ हाताने फिरवायचा मुख्य स्विच बसवला. थिंबल हातोडीने चेपण्याचा बेत मुलाने हाणून पाडला, योग्य मापाचा क्रिंपर भाड्याने आणला. सैल जोड फ्यूजला कळत नाही. करंट तेवढाच राहतो, जोड मात्र तापतो. म्हणून आता गाडी दहा मिनिटे फिरवून आली की ते बंद करून प्रत्येक जोडावर हात ठेवून पाहतात.

आपण कोणी मोटार बांधायला बसलेलो नाही. पण मोठा हॉर्न, जादा दिवे, म्युझिकचा ॲम्प्लिफायर आपणही बसवतोच, आणि त्यासाठी बऱ्याचदा सरळ बॅटरीवरून वायर ओढली जाते. बसवणाऱ्याला फ्यूज कुठे आहे ते दाखवायला सांगा. तो बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला राखणदार नसतो. दाखवता आला नाही, तर पैसे देण्याआधी वायर पुन्हा काढायला लावा.