मासा नाही तर पेट्रोलही नाही

अलास्कात युकॉन नदी बेरिंग समुद्राला मिळते, तिथे एमोनाक नावाचं गाव आहे. वस्ती साधारण ८००, बहुतेक युपिक आदिवासी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेझुइट मिशनरी या नदीकाठी आले, त्यामुळे इथे कॅथलिक बरेच. गावाला जोडणारा रस्ता मात्र नाही. एरवी छोटं विमान, उन्हाळ्यात होडी, आणि हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरूनच स्नोमोबाईल धावतात. डिझेल-पेट्रोल बार्जने येतं, तेही नदी मोकळी असेल तेव्हाच.

मग लोक जगतात कशावर? मुख्य आधार सॅमन मासा. समुद्रातून नदीत शिरला की तो खाणं सोडतो आणि अंगातल्या चरबीवर पुढचा प्रवास करतो. युकॉन ३,००० किलोमीटरहून लांब, म्हणून इथला सॅमन खूप तेलकट. तो कापून, वाळवून, धुरी देऊन हिवाळ्यासाठी ठेवतात. प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो ना, ती इथे मासा आहे. जोडीला मूस, सील आणि रानातली बोरंबिरं.

आपल्याला वाटेल, निसर्गातून सगळं फुकट मिळतं, मग पैसा कशाला? पण शिकारीला जायचं तर होडीत पेट्रोल हवं, मोटर, जाळं, काडतुसं हवीत. तो पैसा बऱ्याच घरांत उन्हाळ्यात सॅमन विकूनच यायचा. म्हणजे विकलेला मासा घरच्या अन्नाचा खर्च भागवायचा. एक बाजू पडली की दुसरीही पडते.

२००८ मध्ये हेच झालं. चिनूक जातीच्या सॅमनचा हंगाम बुडाला, नदी लवकर गोठली आणि इंधनाचा शेवटचा बार्ज पोचलाच नाही. इंधन विमानाने आणावं लागलं, भाव कडाडले. घर गरम ठेवायचं की किराणा आणायचा, असा प्रश्न काही कुटुंबांसमोर आला.

२०२१ मध्ये चिनूक आणि चम, दोन्ही जातींचे मासे इतके कमी आले की घरी खाण्यासाठी मासेमारी करायलाही बंदी आली. दुसऱ्या भागातला सॅमन आणून नदीकाठी वाटला. शास्त्रज्ञ तापलेल्या पाण्याकडे बोट दाखवतात, गावकरी समुद्रातल्या मोठ्या ट्रॉलरांकडेही.

२०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने युकॉनमधली चिनूकची मासेमारी सात वर्षं थांबवायचं ठरवलं. सात वर्षं म्हणजे या माशाचा साधारण एक जीवनक्रम. मासे वाचायचे तर थांबणं भाग आहे, हे पटतं. पण मासा कसा कापायचा, धुरी किती द्यायची, हे पुस्तकात शिकता येत नाही. ते आजीशेजारी बसून, हातात सुरी घेऊन शिकायचं असतं. बंदी लागली तेव्हा पाच वर्षांचं असलेलं मूल ती उठेल तेव्हा बारा वर्षांचं होईल. मासे परत आले, तरी तोवर शिकवायला आजी असेल का?