शिवणाच्या तासाला नेमके काय शिकवतात?

खारघरला निफ्ट या फॅशन शिक्षणसंस्थेचा कॅम्पस असल्यामुळे नवी मुंबईतल्या घरांना फॅशन डिझाइन हे शिक्षण परके नाही. तरीही शाळेत शिवण किंवा फॅशनचा विषय घ्यायचा म्हटले, की घरात दोन टोकांची मते निघतात. एकाला वाटते पोर वाया जाणार, दुसऱ्याला वाटते निफ्टची सीट पक्की झाली. दोघेही चुकतात. या तासाला कापड हाताळायला शिकवतात. त्याचा उपयोग मोठा आहे, पण त्याला मर्यादाही आहेत.

गैरसमज : डिझायनरने चित्र काढायचे, शिवायचे ते टेलरने.

वस्तुस्थिती : कागदावर काढलेली बाही कशीही छान दिसते, कापडाची बाही मुंढ्यात बसवावी लागते. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा किंचित मोठा ठेवतात आणि ते जादा कापड चुणी न पडू देता टीप मारताना सामावून घेतात. गोल गळ्याची पट्टी उरेब कापतात, कारण उभ्या-आडव्या धाग्यांशी 45 अंशांत कापलेले कापड ताणले जाते आणि वळणावर नीट बसते. हे हाताने केलेल्यालाच आपले चित्र शिवता येण्याजोगे आहे की नाही, ते ठरवता येते. म्हणूनच फॅशन डिझाइनच्या पदवीतही पॅटर्न तयार करणे आणि कपडा शिवणे शिकावेच लागते.

गैरसमज : ज्याला गणित जमत नाही, त्याने शिवण घ्यावे.

वस्तुस्थिती : पूर्ण घेराचा स्कर्ट बेतून पाहा. कंबर 66 सेंटिमीटर असेल, तर त्या मापाचे वर्तुळ कापायला त्रिज्या हवी. 66 ला 6.28 ने भागले की साधारण साडेदहा येतात. कापडाची चौपदरी घडी घालायची आणि घडीच्या कोपऱ्यापासून साडेदहावर खडूने पाव वर्तुळ आखायचे. त्रिज्येऐवजी चुकून व्यास, म्हणजे 21 सेंटिमीटर धरले, तर कंबर 132 सेंटिमीटरची होते आणि कापड फुकट जाते. वहीतली चूक खोडता येते, कात्रीची येत नाही. शिवाय शिलाईसाठी मार्जिन सोडणे आणि कापड आटेल याचा अंदाज घेणे हा हिशेब वेगळाच.

गैरसमज : हा मुलींचा विषय.

वस्तुस्थिती : मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम ही वाटणी अनेक शाळांनी केली, धंद्याने कधी केली नाही. संत नामदेवांचे घराणे शिंप्याचे. आजही बाजारातल्या टेलरच्या दुकानात कटिंगच्या टेबलापाशी बहुतेक वेळा पुरुष मास्तरच दिसतो. सीबीएसईतले शिवण-फॅशनचे विषय मुलगे आणि मुली दोघांनाही घेता येतात.

गैरसमज : हा विषय घेतला, की पुढच्या वाटा बंद.

वस्तुस्थिती : सीबीएसईत नववी-दहावीला ‘अपॅरल’ हा कौशल्य विषय आहे, त्यात लेखी 50 आणि प्रात्यक्षिक 50 गुण असतात. तो सहावा विषय म्हणून घेतलेला विद्यार्थी दहावीला गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांपैकी एकात नापास झाला, तर उत्तीर्ण कौशल्य विषय त्याची जागा घेऊ शकतो. अकरावी-बारावीला ‘फॅशन स्टडीज’ आहे आणि त्याचे पुस्तक निफ्टच्या सहकार्याने तयार झाले आहे. मात्र इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला लागणाऱ्या विषयांची जागा तो घेत नाही. काही महाविद्यालये प्रवेशाची टक्केवारी ठरावीक विषयांवरच काढतात, तेव्हा तिथल्या अटी आधी वाचाव्यात.

गैरसमज : शाळेत हा विषय घेतला, की निफ्टचे निम्मे काम झाले.

वस्तुस्थिती : निफ्टची स्थापना 1986 ची, मुंबई केंद्र 1995 चे. तिथल्या चार वर्षांच्या बी.डिझ.साठी बारावी कोणत्याही शाखेतून चालते, शाळेत शिवण घेतलेले असण्याची अट नाही. प्रवेश परीक्षेत कल्पकता, रेखाटन आणि सामान्य आकलन तपासतात. पुढच्या फेरीत दिलेल्या साहित्यातून एखादी वस्तू प्रत्यक्ष तयार करायला सांगतात. शिलाई मशीन चालवता येते का, हे कोणी विचारत नाही. उलट कपड्यांच्या उत्पादनाशी संबंधित बी.एफ.टेक.ला जायचे असेल, तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते. फॅशनला जायचे म्हणून विज्ञान सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

गैरसमज : शिकून शेवटी बुटीकच टाकायचे.

वस्तुस्थिती : कारखान्यात एक शर्ट एकटा माणूस शिवत नाही. कोणी कॉलर करतो, कोणी खिसा, कोणी काज-बटण. त्याआधी पॅटर्न मास्टर असतो, नमुना शिवणारा सॅम्पलिंग विभाग असतो, ऑर्डर सांभाळणारा मर्चंडायझर असतो आणि शेवटी माल तपासणारे क्यूसी. रंगभूमी आणि मालिकांचे वेशभूषाकार वेगळेच. लवकर कामाला लागायचे असेल, तर आयटीआयमध्ये शिवण आणि ड्रेसमेकिंगचे वर्षभराचे अभ्यासक्रम आहेत.

आता प्रश्न उरतो शाळेचा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना हस्तकौशल्य शिकण्याची कल्पना मांडली. कागदावर विषय असणे आणि तो शिकवला जाणे यांत मात्र फरक असतो. प्रवेश घेण्यापूर्वी शाळेला चार गोष्टी विचाराव्यात : चालू मशीन किती आणि एका मशीनवर किती मुले? आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती? शिकवणाऱ्यांनी स्वतः हा विषय शिकला आहे का? आणि वर्षअखेर प्रत्येक मूल स्वतः कापून, शिवून काय पूर्ण करते? चौथ्या प्रश्नाला ‘चार्ट पेपरवरचा प्रोजेक्ट’ असे उत्तर आले, तर तो शिवणाचा तास नव्हे.