सरोवराची दोन झाकणे

कॅनडातील टोरोंटो शहराच्या उत्तरेला सिमको नावाचे सरोवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ७२२ चौरस किलोमीटर, जास्तीत जास्त खोली ४१ मीटर. हिवाळ्यात ते गोठले की त्यावर लहान लहान खोपटी उभी राहतात. आत बसलेला माणूस बर्फात वीतभर रुंदीचे भोक पाडून गळ सोडतो आणि तासन्‌तास वाट पाहतो. बाहेर हवेचे तापमान शून्याखाली वीस अंश असले, तरी वीस-पंचवीस मीटर खोलीवर लेक ट्राउट हा मासा निवांतपणे भक्ष्य शोधत फिरत असतो.

बर्फाखाली मासा जगतो कसा, असे विद्यार्थी विचारतात. ‘बर्फ पाण्यावर तरंगतो म्हणून’ हे आपले ठरलेले उत्तर. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. ट्राउटचे निमित्त करून ते पुरे करू या.

दोन निराळे गुणधर्म

हवा थंड होऊ लागली की सरोवराचे वरचे पाणी आधी गार होते. गार पाणी जड, म्हणून ते खाली जाते आणि खालचे वर येते. हे अभिसरण सगळे पाणी ४ अंश सेल्सिअसवर येईपर्यंत चालते. त्याखाली मात्र पाणी आकुंचन पावण्याऐवजी प्रसरण पावू लागते. ४ अंशांच्या एक लिटर पाण्यापेक्षा ० अंशाचे एक लिटर पाणी सुमारे ०.१३ ग्रॅमने हलके असते. फरक चिमूटभर, पण तेवढ्यामुळे सर्वांत गार पाणी वरच राहते आणि तेथेच गोठते. हा पहिला गुणधर्म. गोठताना पाणी आणखी प्रसरण पावते व बर्फाची घनता ०.९१७ एवढी उतरते, हा दुसरा.

पहिला गुणधर्म नसता, तर सगळे पाणी शून्यापर्यंत उतरल्याशिवाय बर्फ धरलाच नसता. दुसरा नसता, तर बर्फ तळाशी साचत गेला असता. मासा वाचतो तो दोन्हींमुळे. मात्र तळाशी नेमके ४ अंशच तापमान असते असे समजू नये. मोठ्या सरोवरात वारा पाणी ढवळत राहतो, त्यामुळे गोठण्यापूर्वी सगळेच पाणी ४ अंशांच्या थोडे खाली उतरू शकते.

पुढे बर्फच सरोवराचे पांघरूण होतो. तो जाड होतो तसतशी पाण्यातली उष्णता बाहेर पडणे कठीण होते आणि बर्फ वाढण्याचा वेग मंदावतो. वर पडलेले भुसभुशीत हिम तर बर्फाहूनही चांगले उष्णतारोधक असते. म्हणून हिमाखालचा बर्फ पुष्कळदा पातळ राहतो. एका माणसाने पायी जाण्यासाठी निदान १० सेंटिमीटर जाडीचा पारदर्शक बर्फ हवा, असा तिकडचा दंडक आहे. पांढरट बर्फ त्याहून कमजोर असतो.

बंद बरणीतला श्वास

येथवर आपण फक्त तापमान पाहिले. पण माशाला ऑक्सिजनही हवा. बर्फ धरला की हवेतून पाण्यात ऑक्सिजन येणे थांबते. वर हिम साचले की प्रकाशही अडतो आणि शैवालांचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. सरोवर जणू झाकण लावलेली बरणी होते. गोठण्यापूर्वी विरघळलेला ऑक्सिजन हीच मासे आणि जीवाणू यांची मुख्य शिदोरी.

ही शिदोरी मात्र मोठी असते. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात हवेतील सुमारे ७.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ० अंशाला १४.६ मिलिग्रॅम. शिवाय थंडीत माशांच्या शरीरक्रिया मंदावतात आणि त्यांची गरज कमी होते. उथळ तळ्यात पाणी थोडे आणि तळाशी कुजणारा गाळ जास्त. तेथे हिवाळा संपण्याआधीच ऑक्सिजन संपून मासे मोठ्या प्रमाणात मरतात. सिमकोसारख्या खोल सरोवरात तो वसंतापर्यंत पुरतो.

दुसरे झाकण उन्हाळ्यातले

मग सिमकोतल्या ट्राउटला धोका कधी? उत्तर अनपेक्षित आहे: उन्हाळ्याच्या अखेरीस. वसंतात बर्फ वितळून वरचे पाणी ४ अंशांकडे येते, तेव्हा सरोवराचे पाणी वरखाली घुसळले जाते आणि ऑक्सिजन तळापर्यंत पोहोचतो. नंतर वरचा थर तापतो. २० अंशांचे एक लिटर पाणी ४ अंशांच्या पाण्यापेक्षा १.८ ग्रॅमने हलके असते. हा फरक मघाच्या ०.१३ ग्रॅमच्या जवळजवळ चौदा पट आहे. वारा हे दोन थर सहजी मिसळू शकत नाही. गरम पाण्याचे हे दुसरे झाकण शरद ऋतूतील घुसळणीपर्यंत टिकते.

ट्राउटला गार पाणी हवे, म्हणून तो उन्हाळ्यात खोल जातो. नेमका तेथेच ऑक्सिजन घटत असतो. शेतातून व सांडपाण्यातून आलेल्या फॉस्फरसमुळे सिमकोत शैवाल माजले. ते मरून तळाशी जाते आणि कुजताना ऑक्सिजन खाते. प्रौढ मासे कसेबसे तगले, पण खोल पाण्यात वाढणारी पिले तगेनात आणि नैसर्गिक वीण खुंटली. १९६०च्या दशकापासून मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली पिले सोडून तेथील ट्राउट टिकवावा लागला. सोडण्यापूर्वी पिलांचा एक पर कापतात. बर्फावर बसलेल्या माणसाच्या हाती आलेला मासा सोडलेला की सरोवरातच जन्मलेला, हे त्यावरून कळते.

ऑन्टॅरिओ प्रांताने २००८ मध्ये या सरोवरासाठी स्वतंत्र कायदा केला. २००९ च्या आराखड्यात खोल पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि वर्षाला ४४ टनांपर्यंत फॉस्फरस अशी उद्दिष्टे ठरली. परंतु हवामान तापत असल्याने बर्फ उशिरा धरतो, लवकर वितळतो आणि उन्हाळी झाकणाचा काळ लांबतो. बर्फ कमी झाला की ट्राउटचे सुखच, असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात त्याची कठीण परीक्षा अधिक लांबते.

वर्गात करून पाहा

उंच काचेच्या भांड्यात फ्रिजमधले गार पाणी घ्या. भांड्याभोवती जाड लोकरी कापड गुंडाळा. एक तापमापक तळाशी आणि दुसरा पृष्ठभागाच्या थोडा खाली धरा. आता वर बर्फाचे तुकडे सोडा आणि पाणी न ढवळता दर दोन मिनिटांनी दोन्ही तापमाने नोंदवा. खालचे तापमान उतरत उतरत ४ अंशांच्या आसपास थबकते. वरचे मात्र शून्याकडे जाते. थॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचे हे सोपे रूप आहे.

आलेख काढून झाल्यावर विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्या: पाण्याची कमाल घनता ४ अंशांऐवजी ० अंशाला असती, तर सरोवराची घुसळण केव्हा झाली असती, आणि ट्राउटला ऑक्सिजन मिळाला असता का? उत्तरावर वाद होऊ द्या. ‘बर्फ तरंगतो’ या एका वाक्यात न मावणारे बरेच काही त्या वादातून मुलांच्या हाती लागेल.