लांब पल्ल्याची माणसं

भारताचा पहिला ऑलिंपिक संघ पुण्यात घडला. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात त्यांनी खेड्यापाड्यांतले शेतकरी अनवाणी पळताना पाहिले. शर्यतीचे नियम या गड्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. दोराबजींनी ते हेरलं, स्वतःच्या खिशातले पैसे घातले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा संघ रवाना झाला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते.

त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षाही लांब होती. फिनलंडच्या हानेस कोलेमाइननने ती जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. पहिल्याच खेपेला, परक्या हवेत केलेली ही कामगिरी फार मोठी आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला जागा मिळायला हवी.

वेगाच्या शर्यतींत पुढे मुंबई चमकली. १९५१ च्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत लेव्ही पिंटो यांनी १०० आणि २०० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. पुढच्याच वर्षी मेरी डिसूझा हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावल्या. तरीही महाराष्ट्राच्या मातीचा खरा जोर लांब पल्ल्यात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि २०१० पासूनची वर्षं त्याची साक्ष देतात.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. या स्पर्धेत ट्रॅकवरचं वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती, त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत एकही भारतीय महिला तिथवर गेली नव्हती.

आणि मग अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव, आईवडील वीटभट्टीवर राबणारे. बारावीनंतर तो लष्करात भरती झाला, सियाचीनला राहून आला आणि त्यानंतर कुठे स्टीपलचेसकडे वळला. या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. पुरुषांचा अडथळा जवळजवळ ९१ सेंटीमीटर उंच आणि भक्कम असतो. हर्डल्समधल्यासारखा तो धक्क्याने पडत नाही, उडी चुकली की धावणाराच पडतो. पाण्याच्या उडीत एक पाय अडथळ्यावर रोवायचा, अंग पुढे झोकायचं आणि ओल्या बुटांनिशी लय न मोडता पळत सुटायचं.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेपर्यंत सलग सहा वेळा या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. तिथे अविनाश ८ मिनिटं ११.२० सेकंदांत दुसरा आला. सुवर्ण हुकलं ते अवघ्या पाच शतांश सेकंदांनी. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला.

उडीतही आता माणसं आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे मक्याच्या भुशाच्या गादीवर उंच उडी शिकला आणि २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला.

मला खटकतं ते असं की आपले धावपटू हाती लागतात ते उशिरा आणि योगायोगाने. अविनाशला लष्कराने घडवलं, भरती झाली नसती तर तो कुणाला दिसलाच नसता. आमच्या मुळशी तालुक्यात कासारसाईसारख्या गावांतून पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारी पोरं आहेत. भरती झाली की त्यांचं पळणं थांबतं, नाही झाली तरी थांबतं. आणि तिथून हिंजवडी ओलांडली की म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल लागतं. ते १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलं गेलं. २०१३ ची आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा तिथेच झाली आणि विकास गौडाने थाळीफेकीत सुवर्ण जिंकलं, तेही तिथेच. असा ट्रॅक उशाशी असलेले तालुके देशात थोडेच.

म्हणून मुळशीतल्या शिक्षकांना आणि सरपंचांना हात जोडून सांगणं आहे. सातवी-आठवीतल्या मुलामुलींना वर्षातून दोनदा ८०० आणि १५०० मीटर पळवा. घड्याळ लावून वेळ मोजा, वहीत नाव आणि वेळ लिहा, आणि ती वही तालुका क्रीडा अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा.